घरातली सगळी बटणं

माझा स्वभाव तापट आहे. हे मी सांगायला नको. आमच्या हैदराबादेतल्या कुकटपल्लीच्या बिल्डिंगमध्ये वॉचमनपासून वरच्या मजल्यावरच्या पोरांपर्यंत सगळ्यांना ते ठाऊक आहे. पण मी माणसांवर चिडत नाही, वस्तूंवर चिडतो, असं मी आयुष्यभर सांगत आलो. बायको म्हणते, "भिंतीलाही कान असतात म्हणतात, पण तुमचं ऐकावं आम्हालाच लागतं." लग्न झाल्यापासून ती हे म्हणतेय आणि लग्न झाल्यापासून मी ते हसण्यावारी नेतोय. मागच्या हिवाळ्यात मात्र ते माझ्या चांगलंच अंगाशी आलं. कसं, ते सांगतो.

जामबागेतल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी फिजिक्स शिकवलं. रिटायर झालो आणि स्वतःला एक म्युझिक सिस्टिम घेतली. अॅम्प्लिफायर, रेकॉर्ड वाजवायचं टर्नटेबल आणि माझ्या छातीला लागतील एवढे उंच दोन स्पीकर. बायको पुण्याची. तिने स्पीकरांकडे बघून विचारलं, "हे दोघं कायमचे उभेच राहणार का हॉलमध्ये? बसायला सांगा त्यांना." मी लक्ष दिलं नाही. गौलीगुड्यात भाड्याच्या दोन खोल्यांत वाढलेला माणूस मी. शेजारच्यांच्या रेडिओला कान लावून जे ऐकलं, ते नीट, बसून, आपल्या घरात ऐकायचं, एवढी एकच हौस शिल्लक होती. रोज दिवेलागणीला मी खुर्चीत बसायचो आणि मारवा नाहीतर पूरिया लावायचो. त्या तासाभरात मला कुणी हाक मारायची नाही, हा घरातला कायदा.

त्याच सुमाराला सासूबाई आमच्याकडे आल्या. पुण्यात त्या एकट्या राहायच्या, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या जुन्या सोसायटीत. गुडघे आधीच गेलेले, त्यात गणपतीच्या दिवसांत बाथरूममध्ये घसरल्या. हाड मोडलं नाही, पण बायकोची झोप उडाली. दसरा झाल्यावर ती जाऊन आईला घेऊनच आली. "आता कायमचं इथंच राहायचं," असं तिने गाडीतच सांगून टाकलं होतं. सासूबाईंना ते पटलेलं नव्हतं. त्यांच्या आईने लेकीच्या घरचं पाणीसुद्धा कधी घेतलं नव्हतं म्हणे, आणि या तर जावयाच्या घरी मुक्कामाला. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "संक्रांतीपर्यंत राहते. मग बघू."

बायकोने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि बजावलं. "हे बघा, ती परत त्या जिन्यांवर गेली तर मला इथं घास गिळणार नाही. तिला इथं आपलं वाटलं पाहिजे. तुम्ही जरा सांभाळून. दुसरं काही मागत नाही मी."

"हौ, हौ," मी म्हणालो. हैदराबादी माणसाच्या 'हौ'ला 'हो'चा अर्थ नसतो, असा तिचा जुना आरोप आहे, पण त्या वेळी मी ते मनापासून म्हटलं होतं. मलाही त्या राहायला हव्या होत्या. सासूबाई म्हणजे फार लोभस बाई. मी हॉलमध्ये आलो की त्या दुखऱ्या गुडघ्यांवर उठायला बघायच्या, मी "बसा हो आई, बसा" म्हणायचो, मग अर्ध्या उठलेल्या परत बसायच्या. मला 'जावईबापू' म्हणायच्या. आपला चहाचा कप आपणच विसळायच्या. मीही त्यांचा मान ठेवून होतो. त्यांच्या खोलीत मी पाऊल टाकत नसे. काही सांगायचं असलं तर दाराबाहेरून. आमच्याकडे अशीच रीत आहे, आणि तिच्यात काही वावगं आहे असं मला तेव्हा वाटलं नाही.

दिवाळी होऊन पंखे बंद झाले आणि तो आवाज सुरू झाला.

आधी 'चर्र', कढत तेलात मोहरी पडावी तसं. मग 'टक्'. दोन्ही स्पीकरांतून, ऐन आलापीत. पहिल्यांदा मला वाटलं रेकॉर्डवर ओरखडा असेल. रेकॉर्ड बदलली. थोड्या वेळाने पुन्हा चर्र, टक्. रेकॉर्ड काढूनच ठेवली, नुसता अॅम्प्लिफायर चालू. शांतता. शांतता. मी उठायला लागलो आणि टक्!

असला आवाज सतत येत असता तर मी त्याला सकाळपर्यंत धरला असता. पण हा लहरी. एखाद्या संध्याकाळी चार-पाचदा यायचा, एखाद्या संध्याकाळी यायचाच नाही. दुकानातला माणूस येऊन तासभर बसला तेव्हा आला नाही. पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं वागणारं कार्टं असतं ना, तसा. तो माणूस चहा पिऊन गेला, जाताना माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघून गेला. लिफ्टचं दार मिटलं आणि हॉलमधून टक्. मी उशी फेकून मारली. स्पीकरला लागली नाही, बायकोच्या कुंडीला लागली.

मग मी शोधाला लागलो. वर्गात पोरांना वर्षानुवर्षं शिकवलेली पद्धत: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जिथल्या तिथं. तारा बदलल्या. प्लग दुसऱ्या भिंतीवर नेला. फ्रिज बंद ठेवला, तर बायकोचं दूध नासलं. इन्व्हर्टर काढला. ट्यूबा काढून मेणबत्तीत बसलो. अर्थिंगचा संशय आला. गौलीगुड्यात असताना माझे वडील उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचे, माती ओली राहिली तर करंट नीट जमिनीत उतरतो म्हणून. मीही खाली जाऊन बिल्डिंगच्या खड्ड्यात पाणी ओतलं. वॉचमन धावत आला. "अक्कड चेट्टु लेदु कदा सार!" म्हणजे तिथं झाड नाहीये ना, साहेब. त्याला काय सांगणार, कप्पाळ?

या सगळ्यात बायकोने अंग काढून घेतलं. मदतीला आल्या त्या सासूबाई.

"जावईबापू, मी उभी राहते की बटणांपाशी," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिकडे कान लावून बसा. तुम्ही सांगाल ते मी बंद करते."

"अहो आई, तुमचे गुडघे..."

"तेवढंच पायांना काम. नाहीतर दिवसभर बसूनच असते."

आणि खरंच, पॅसेजमधल्या स्विचबोर्डपाशी भिंतीला हात टेकून त्या उभ्या राहायच्या. मी हॉलमधून ओरडायचो, "गीझर बंद!" त्या म्हणायच्या, "केला!" थोडा वेळ जायचा. "आला का हो?" "नाही!" "मग चालू करू?" "करा!" त्यांना त्यात चक्क मजा वाटायला लागली होती. सकाळी चहाच्या वेळी त्या मला सांगायच्या, "काल वॉशिंग मशीन चालू होतं तेव्हा आला नव्हता बरं का. म्हणजे त्याचं नाव खोडा." कॉलेजात इतकी वर्षं मला असा असिस्टंट मिळाला नव्हता. बायको लांबून बघून हसायची. एकदा मला म्हणाली, "रमली हो आई. तुमच्या त्या भुताटकीचे उपकारच म्हणायचे." मला वाटलं, झालं, आता या जात नाहीत.

घरातली सगळी बटणं आम्ही तपासली. त्यांच्या खोलीतली तेवढी त्यांनीच तपासली. मी दाराबाहेरून विचारलं, "आई, तुमच्याकडचं सगळं बंद केलं होतं ना?" त्या आतून म्हणाल्या, "हो हो, सगळं बंद केलं होतं." तेवढ्यावर मी समाधान मानलं. फिजिक्सचा मास्तर! पोरांनी कुणी असं ऐकीव उत्तर लिहून आणलं असतं तर मी वही तोंडावर फेकली असती.

आणि मग ती संध्याकाळ. गारठा पडला होता, फरशीवर पाय ठेववत नव्हता. सासूबाई लवकरच आपल्या खोलीत जाऊन पडल्या होत्या. मी कितीतरी दिवसांनी निवांत बसलो होतो, मारव्याचा धैवत असा लागला होता की डोळे आपोआप मिटावेत. आणि टक्. एकदा सोडून दिला. पुन्हा चर्र, टक्. तिसऱ्यांदा मात्र माझं डोकं सटकलं. मी उठून उभा राहिलो आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असा ओरडलो, "कुठल्या दळभद्री वस्तूचा हा आवाज आहे कळू दे एकदा! ज्याची असेल त्याची असो, गॅलरीतून खाली फेकून देतो की नाही बघा! परेशान करून सोडलंय माझ्या घरात!"

'माझ्या घरात' असं मी म्हणालो. बायको म्हणाली, "अहो, हळू." मी दणकन बसलो. त्या संध्याकाळी पुन्हा आवाज आला नाही.

त्याच आठवड्यात मी मागवलेला एक डबा आला. भिंतीतली वीज गाळून स्वच्छ करून पुढे सोडतो, असं त्याच्यावर लिहिलेलं होतं. तो मध्ये जोडला. एक संध्याकाळ गेली, दुसरी गेली, आठवडा गेला. आवाज बंद. मी हर्षवायू झाल्यासारखा घरभर फिरलो. कॉलेजातल्या दोन जुन्या मित्रांना बोलावून त्यांना नुसती शांतता ऐकवली. "ऐका, ऐका," म्हणून मी बोट वर करून उभा. ते दोघे एकमेकांकडे बघत होते. सासूबाईंनी मुद्दाम उभं राहून सगळ्यांसाठी शिरा केला, बेदाणे घालून. मी मित्रांना सांगितलं, "या आमच्या असिस्टंट." त्या ओट्याला धरून हसल्या.

रोज सकाळी त्या विचारायच्या, "काल आला होता का हो?"

"छे! गेला म्हणजे गेला."

"बरं झालं बाई."

आता मला वाटतं, माझ्या जागी कुणीही असता तरी त्याला दिसलं असतं. त्या हॉलमध्ये यायच्या कमी झाल्या होत्या. पलंगावरून उठायला त्यांना वेळ लागायचा, भिंतीचा आधार घेत संडासापर्यंत जायच्या. व्यायाम करून घ्यायला बाई यायची, ती म्हणाली, "गुडघे फार आखडलेत यांचे. शेक बंद करू नका थंडीत." सासूबाई म्हणाल्या, "चालूच आहे." मी हॉलमध्ये पेपर वाचत होतो, मी हे दोन्ही कानांनी ऐकलं. वय झालं, थंडी आहे, असं म्हणून पान उलटलं.

संक्रांतीच्या चार दिवस आधी त्यांनी सांगितलं, की आता निघते. बायकोने कारण विचारलं. इथलं पाणी सोसत नाही. कुंड्यांना पाणी घालायला शेजारीण कंटाळली असेल. उगाच तुम्हालाही अडचण. बायको समजावून थकली, रडली, चिडली. त्या नुसत्या हसायच्या आणि "येईन की पुन्हा," म्हणायच्या. शेवटी बायको माझ्यापाशी आली. डोळे लाल. "खरं सांगा, तुम्ही तिला काही बोललात का?"

"तुझी शप्पथ. एक शब्द नाही."

आणि ते खरं होतं. त्यांना मी एक शब्द बोललो नव्हतो.

तिकीट काढून झालं. बायको पोचवायला जाणार होती. निघायच्या आदल्या दिवशी सासूबाई खाली उन्हात बिल्डिंगमधल्या म्हाताऱ्यांबरोबर बसल्या होत्या, निरोप घ्यायला. मला घरात चैन पडेना. मला काही सुचेनासं झालं की मी स्पीकर सरकवतो. एक उचलायला गेलो आणि कमरेत अशी काही लचक भरली की खालीच बसलो. बायकोने कसंबसं मला सोफ्यावर आडवं केलं. रेकॉर्ड वाजत होती, ती बंद करायलाही कुणी नव्हतं.

"थांबा, आईचं ते पॅड आणते," बायको म्हणाली. विजेवर गरम होणारं, कापडी, शेकायचं पॅड. तिनेच आईला आल्या आल्या घेऊन दिलं होतं. ती आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. आली तेव्हा हातात पॅड होतं, टॉवेलात गुंडाळलेलं. "पलंगावर नाही, कपाटात नाही," ती म्हणाली. "बॅगेच्या पार तळाशी होतं. शेक चालू आहे म्हणते आणि हे असं बांधून ठेवलेलं. तिचं काही कळत नाही मला."

तिने पॅड माझ्या कमरेखाली सारलं, बटण दाबलं. वायरीवरच्या बटणात छोटा लाल दिवा लागला. हळूहळू ऊब चढायला लागली. फार बरं वाटलं. मी डोळे मिटले.

चर्र. टक्.

"गेले त्या डब्याचे पैसे!" मी कळवळत ओरडलो. "हौला डबा! येडपट डबा! फसवलं मला!" बायको त्या लाल दिव्याकडे बघत होती. तो विझला होता. पॅड तापलं की आपोआप बंद होतं, निवलं की पुन्हा चालू. थोड्या वेळाने दिवा लागला. पुन्हा थोड्या वेळाने हॉलमधून चर्र, टक्, आणि डोळ्यांसमोर दिवा विझला.

आवाज डब्याने गेला नव्हता. ज्या संध्याकाळी मी फेकून देतो म्हणून गरजलो, त्या संध्याकाळी त्या आत पडून गुडघे शेकत होत्या. दिवा विझतो तेव्हा बाहेर टक् होतं, हे त्यांनी केव्हा हेरलं देव जाणे. मला वाटतं त्यांनाही ते तेव्हाच कळलं असावं, माझ्या तोंडून सगळं ऐकता ऐकता. त्यांनी बटण बंद केलं, पॅडची घडी घातली आणि बॅगेच्या तळाशी ठेवून दिलं. आणि दुसऱ्या दिवसापासून मला रोज विचारत राहिल्या, आला का हो, आला का हो. मी त्यांना शांतता ऐकवली! त्यांच्याच गुडघ्यांवर मिळालेली शांतता, आणि वर शिरा करायला उभं केलं. माझ्या कमरेखाली ते पॅड भाजायला लागलं होतं, पण मला ते काढवेना.

बायको शेवटी एवढंच म्हणाली, "घरातली सगळी बटणं बघितलीत तुम्ही."

सासूबाई वर आल्या तेव्हा मी कमरेला हात लावून त्यांच्या दारात उभा राहिलो. सवयीने बाहेरच थांबलो, मग आत गेलो. त्या दचकून उठायला लागल्या. मी म्हणालो, "आई, माझं चुकलं. ते पॅड तुम्ही माझ्यामुळे..."

"अहो छे, छे! त्याचा काय संबंध? मला उष्णता होते त्याची, म्हणून ठेवलं बांधून."

"आई, मी त्या दिवशी जे ओरडलो..."

"कधी? मला नाही बाई काही ऐकू आलं." आणि मी वाकायला लागलो तशा त्या एवढ्या घाबरल्या की माझे हातच धरले. "जावईबापू, असं करायचं नसतं हो. मला पाप लागेल. तुमचं घर आहे, तुम्ही हवं ते बोला."

त्यांनी अपराधच नाही म्हटल्यावर मी माफी कशाची मागणार? त्या दुसऱ्या दिवशी गेल्या. पॅड बायकोने त्यांच्या बॅगेत वरच ठेवलं. मी वाकड्या कमरेने लिफ्टपर्यंत बॅग नेली, तर त्या सारख्या म्हणत होत्या, "अहो राहू द्या, कंबर दुखतेय तुमची."

बायको त्यांना घरात नीट बसवून परत आली. जिना चढायला किती वेळ लागला ते तिने मला सांगितलं. मी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं. मग रोज संध्याकाळी त्यांचा फोन व्हायचा. मायलेकींचं बोलणं झालं की सासूबाई म्हणायच्या, "जावईबापूंना दे." मला वाटलं होतं आता तब्येतीची चौकशी होईल. पहिलाच प्रश्न, "आता येत नाही ना हो आवाज?"

"नाही, आई," मी म्हणायचो. त्यांना बरं वाटावं म्हणून.

"बरं झालं."

असं बरेच दिवस चाललं. एका संध्याकाळी फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "तुम्हाला कळतंय का, तुम्ही रोज तिला काय सांगताय? ती गेली आणि घरातली कटकट गेली. रोज विचारते आणि रोज तुम्ही तिला हेच सांगता."

मी हातातला पेला खाली ठेवला. इतका मठ्ठ माणूस मी, आणि लोक मला सर म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी मी कोटीच्या बाजारात गेलो आणि औषधांच्या दुकानातून अगदी तसलंच पॅड घेऊन आलो. तोच लाल दिवा, तसंच बटण. तो वीज गाळणारा डबा काढून ठेवला, कशाला उगाच धोका. बायकोला सांगितलं काय करायचंय ते. ती आधी म्हणाली, "खोटं बोलणार तुम्ही तिच्याशी?" मी म्हणालो, "हौ." या खेपेला तिने 'हौ'ला नावं ठेवली नाहीत.

संध्याकाळी अॅम्प्लिफायर चालू केला, आवाज भरपूर वाढवला, पॅड सोफ्यावर पसरून बटण लावलं आणि पुण्याला फोन लावला. बायको पॅडपाशी बसली, दिव्यावर डोळे ठेवून.

"आता येत नाही ना हो आवाज?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, तुम्हाला सांगितलं नाही," मी म्हणालो. "काळजी कराल म्हणून. पण तो परत सुरू झालाय. रोज येतो."

त्या हळूच म्हणाल्या, "उगाच काहीतरी."

"थांबा, ऐकवतो तुम्हाला." मी फोन स्पीकरजवळ धरला. आणि तो मेला येईना! ज्याने माझ्या ऐन आलापीची माती केली, तो आता गरज असताना तोंड लपवून बसला. मी फोन परत कानाला लावून काहीबाही बोलत राहिलो. पुण्याला थंडी कशी आहे. मेथी मिळते का. इथं वॉचमन बदलला. बायको हाताने खुणावत होती, अजून दिवा आहे, अजून आहे. आयुष्यात मी कधी नवस बोललो नाही, तेव्हा जवळजवळ बोललो.

बायकोने हात वर केला. मी फोन स्पीकरवर दाबला.

चर्र. टक्.

"ऐकलंत?"

"अगंबाई!" सासूबाई म्हणाल्या. "हा तर तोच!"

"तोच."

"आणि मी तर इथं आहे. माझं पॅडही इथंच आहे, पायाशी."

"तेच तर म्हणतोय मी."

"मग तो माझ्या पॅडचा नव्हताच!" त्या हसायलाच लागल्या, इतक्या मोकळ्या की बायकोलाही तिथून ऐकू गेलं. "काय वेडी मी! म्हटलं, आपल्यापायी जावयाच्या गाण्याचा विचका होतोय. थंडीभर गुडघे चोळत बसले हो नुसती!"

बायकोने पदर डोळ्यांना लावला होता. मी कसंबसं म्हणालो, "आई, तुमच्याशिवाय तो सापडायचा नाही. बटणांपाशी उभं राहायला इथं कुणी नाही."

"येते की," त्या म्हणाल्या. "व्यायामवाल्या बाईला विचारते प्रवास कधी झेपेल ते. होळीच्या आत येते. तोवर तुम्ही त्याची कंबख्ती नका करू."

हा शब्द त्या आमच्याकडेच शिकल्या असणार.

फोन ठेवला. बायको पॅडचं बटण बंद करायला गेली, मी म्हणालो राहू दे, आणि ते कमरेला लावून तिथंच बसलो. खोटं बोलल्याचं ओझं होतंच, आधीच्या ओझ्यात तेही जमा. त्या येतील, पॅड गुडघ्यांवर घेतील, आणि संध्याकाळी टक् होईल. मग मी चिडल्याचं सोंग करून उठणार, त्यांना बटणांपाशी उभं न करता खुर्ची देणार, आणि घरातल्या प्रत्येक खोलीत तो आवाज शोधणार, त्यांची खोली सोडून. जिवंत आहे तोवर शोधेन, पण सापडू देणार नाही.